पीक संरक्षणाची बंदूक : परवाना घेण्याआधी जाणून घ्या

मक्याच्या कणसात दूध भरले, भुईमुगाला शेंगा धरल्या, की कन्नड, सोयगाव, सिल्लोड, खुलताबादच्या डोंगरालगतच्या शिवारात जागल सुरू होते. रानडुकरांचा कळप एका रात्रीत मक्याचे तास आडवे करून जातो. रब्बीत रोही हरभऱ्याचे शेंडे खातात आणि तुडवतात त्याहून जास्त. सकाळी बांधावर उभे राहून ते नुकसान पाहिले, की ‘आपल्याकडे एक बंदूक पाहिजे होती’ हा विचार मनात येतोच.

कायद्यात पीक संरक्षणासाठी बंदुकीच्या परवान्याची सोय आहे आणि काही घरांत अशी बंदूक दोन-तीन पिढ्यांपासून आहे. मात्र ज्यांनी ती वर्षानुवर्षे सांभाळली, त्यांच्याकडून नेम कसा धरायचा यापेक्षा वेगळ्याच गोष्टी ऐकायला मिळतात. बंदूक पीक राखते ते हंगामातल्या थोड्या रात्री. बंदुकीला मात्र आपल्याला वर्षाचे ३६५ दिवस राखावे लागते. हे सुरुवातीलाच कुणी सांगितले असते तर बरे झाले असते, असे वाटावे अशा बाबी या लेखात एकत्र दिल्या आहेत. अर्ज करण्याचा विचार असेल तर आधी हे वाचा. बंदूक घरात असेल तर आपले कुठे चुकते आहे, ते तपासून पाहा.

परवाना कशाचा असतो आणि कशाचा नसतो

शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम १३ मध्ये खऱ्याखुऱ्या पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद आहे. ठासणीची बंदूक पुरेशी पडणार नाही अशी परवाना अधिकाऱ्याची खात्री पटल्यास गुळगुळीत नळीच्या दुसऱ्या बंदुकीचा, म्हणजे साधारणपणे बारा बोअरचा, परवाना मिळू शकतो. अर्जदाराचे वय किमान २१ वर्षे पूर्ण असावे लागते. छत्रपती संभाजीनगर शहर पोलिस आयुक्तालयाच्या हद्दीत पोलिस आयुक्त आणि ग्रामीण भागात जिल्हादंडाधिकारी हे परवाना प्राधिकारी आहेत. पोलिसांचा चौकशी अहवाल मागवला जातो. शस्त्र नियम, २०१६ नुसार सुरक्षित हाताळणीचे प्रशिक्षण आणि शस्त्र सुरक्षित ठेवण्याची हमीही यात येते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षे झाली आहे.

सर्वांत मोठा गैरसमज इथेच होतो. बंदूक बाळगण्याचा परवाना म्हणजे प्राणी मारण्याची परवानगी नव्हे. हे दोन वेगळे कायदे आणि दोन वेगळी कार्यालये आहेत.

रानडुक्कर आणि रोही हे दोन्ही प्राणी वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली संरक्षित आहेत. २०२२ च्या दुरुस्तीनंतर ते अनुसूची दोनमध्ये येतात. उभ्या पिकाला धोकादायक ठरलेल्या अशा प्राण्याला मारण्याची परवानगी कलम ११ खाली मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला वनाधिकारी लेखी देऊ शकतो. त्यासाठी वनपरिक्षेत्र कार्यालयात अर्ज करावा लागतो. तोंडी होकारावर, किंवा ‘मागच्या वर्षी परवानगी होती’ एवढ्यावर बार काढू नका. परवानगीत लिहिलेला प्राणी, ठिकाण आणि मुदत नीट वाचा. परवानगीने मारलेला प्राणीही शासनाच्या मालकीचा असतो. त्याचे काय करायचे ते वन विभाग ठरवतो. मांस वाटून घेणे हा गुन्हा ठरू शकतो.

काळवीट, चिंकारा, मोर आणि बिबट्या हे अनुसूची एकमधील प्राणी आहेत. त्यांच्या शिकारीला किमान तीन आणि कमाल सात वर्षांची कैद व दंड आहे. वैजापूरकडच्या माळावर काळविटांचे कळप फिरतात. अंधारात काळविटाची मादी आणि रोहीचे वासरू वेगळे ओळखता येईल, असा भरवसा कुणीही धरू नये.

पाखरे हाकण्यासाठी एअरगन घेणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवावे. ठरावीक क्षमतेच्या आतील एअरगनला परवाना लागत नसला, तरी तिने पोपट किंवा मोर मारणे ही शिकारच आहे.

अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत असाल तर

ही बाब अनेकांना अर्ज अडकल्यावर कळते. वन्यजीव अधिनियमाच्या कलम ३४ नुसार अभयारण्यापासून १० किलोमीटरच्या आत नवीन शस्त्र परवाना द्यायचा असेल, तर मुख्य वन्यजीव रक्षकांची पूर्वसंमती लागते. आपल्या जिल्ह्यात कन्नड-सोयगाव परिसरातील बरीच गावे गौताळा औट्रमघाट अभयारण्याच्या, आणि पैठण-गंगापूर भागातील गावे जायकवाडी पक्षी अभयारण्याच्या जवळ आहेत. आधीपासून परवाना असणाऱ्या तिथल्या रहिवाशांनाही वन विभागाकडे नोंद करावी लागते. अभयारण्याच्या हद्दीत परवानगीशिवाय शस्त्र घेऊन जाता येत नाही. शेताकडे जाणारी पायवाट अभयारण्यातून जात असेल, तर वनरक्षकाला विचारून आधी खात्री करून घ्या.

अर्ज करण्यापूर्वी वनपरिक्षेत्र कार्यालयात जाऊन तुमचा गट क्रमांक अभयारण्यापासून किती अंतरावर आहे, एवढे विचारून आलात तरी बरेच हेलपाटे वाचतील.

मक्यात हलते ते प्रत्येक वेळी डुक्कर नसते

अनुभवी माणूस सर्वांत आधी हेच सांगतो.

रात्रीचे शिवार मोकळे नसते. शेतीपंपाची थ्री-फेज वीज अनेक ठिकाणी अजूनही रात्रीच्या पाळीत येते. तुमच्या शेजारचा शेतकरी रात्री दोन वाजता वाकून दारे धरत असतो. हातात फावडे, अंगावर काळे घोंगडे, बॅटरी कधी खिशात तर कधी दातांत. मक्याच्या किंवा उसाच्या तासात तो सरकला की पाने तशीच खसखसतात. गंगापूर, पैठणच्या उसाच्या पट्ट्यात तोडणी मजुरांच्या टोळ्या फडाजवळच मुक्कामाला असतात. रब्बीत मेंढपाळांचे वाडे शेतात बसलेले असतात. पहाटे कापूस वेचायला बायाबापड्या अंधारातच निघतात. शिवाय मोकाट जनावरे आणि राखणीची कुत्री आहेतच.

अशा वेळी आवाजाच्या रोखाने काढलेला एक बार दोन घरे उद्ध्वस्त करतो, ज्याला लागला त्याचे आणि ज्याने काढला त्याचे. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ नुसार निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्यास पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण शिक्षेच्या आधी विचार करण्याची गोष्ट अशी की, बांधापलीकडचा माणूस तुमचा रोजचा शेजारी असतो.

म्हणून हे नियम घालून घ्या :

• आवाजावर, हालचालीवर किंवा चमकणाऱ्या डोळ्यांवर कधीही बार काढायचा नाही. बॅटरीच्या उजेडात कुत्रा, गाय, हरीण, बिबट्या सगळ्यांचेच डोळे चमकतात.
• जनावर पूर्ण दिसले आणि ओळखले, तरी त्याच्या मागे काय आहे ते पाहायचे. मागे वस्ती, रस्ता, गोठा, शेजारची विहीर किंवा उभे पीक असेल, तर बार काढायचा नाही. उभ्या पिकात कोण आहे ते दिसत नाही.
• जागलीला जाण्यापूर्वी चारी बाजूंच्या शेतकऱ्यांना फोन करा. ‘आज रात्री मी शेतात आहे. तुम्ही येणार असाल तर आधी हाक द्या, बॅटरी लावा,’ एवढे सांगायला दोन मिनिटे लागतात.
• फीडरची त्या आठवड्याची पाळी कोणती, हे माहीत असू द्या. रात्रीची पाळी असेल त्या आठवड्यात बंदूक घरीच ठेवणे चांगले.
• दारू पिऊन किंवा सलग जागरणाने डोळे जड झालेले असताना बंदूक हातात घेऊ नका.

छर्रा कुठे जाऊन थांबेल

बंदुकीचा छर्रा चाळीस-पन्नास पावलांवर संपतो, असे अनेकजण धरून चालतात. बारीक छर्रेसुद्धा दीड-दोनशे मीटरपर्यंत जातात. मोठे छर्रे त्याच्या दुप्पट-तिप्पट अंतरावरही माणसाला जखमी करू शकतात. जमिनीवर उभे राहून आडवा काढलेला बार तीन-चार शेते ओलांडू शकतो.

मचाणावरून खाली, मोकळ्या मातीच्या दिशेने काढलेला बार त्यातल्या त्यात सुरक्षित असतो, कारण छर्रे मातीत थांबतात. त्यातही आपली जमीन पाहा. आपल्याकडे बहुतेक शिवारात काळा पाषाण वर आलेला असतो. दगडावर, विहिरीच्या कठड्यावर किंवा पाण्याच्या पृष्ठभागावर छर्रा आपटून दिशा बदलतो. अशा ठिकाणी बार टाळावा.

नुसते हाकायचे असेल, तर ठासणीच्या बंदुकीत छर्रे भरण्याची गरज नसते. दारू आणि कागदी बूच यांचा आवाज पुरेसा होतो. मात्र ते बूचही जवळच्या माणसाला इजा करते आणि बाहेर पडताना बऱ्याचदा धुमसत असते. वाळलेला मका, कडब्याची गंजी, काढणीला आलेला गहू यांच्याजवळ असा बार काढल्यास पीक वाचवताना आग लागण्याचा धोका असतो. बार काढल्यावर बूच कुठे पडले ते पाहून विझवा.

हाताळणीच्या सवयी

प्रशिक्षणात सांगितलेले नियम पहिल्या महिन्यात पाळले जातात. पुढे हात सरावला की ते सुटू लागतात. अपघात बहुतेक तेव्हाच होतात. चार सवयी कायमच्या ठेवा :

१. प्रत्येक बंदूक भरलेली आहे असे समजूनच हातात घ्या. ‘रिकामी आहे’ हे कुणी सांगितले, तरी स्वतः तपासा.
२. नळीचे तोंड कधीही माणसाकडे, गुराकडे किंवा घराकडे करू नका.
३. बार काढायचा निर्णय होईपर्यंत बोट चापाच्या बाहेर ठेवा.
४. बांध ओलांडताना, कुंपणातून जाताना, मचाणावर चढताना, मोटारसायकल किंवा ट्रॅक्टरवर बसताना बंदूक रिकामी करा. ठासणीची असेल तर टोपी काढून ठेवा. मचाणावर आधी स्वतः चढा. रिकामी बंदूक नंतर दोरीने वर घ्या. ओढताना तोंड खाली असावे.

बंदूक झाडाला, बैलगाडीला किंवा पंपाच्या खोलीच्या भिंतीला टेकवून ठेवू नका. कुत्र्याच्या धक्क्यानेही ती पडते.

कानांकडे बहुतेक जण दुर्लक्ष करतात. बंदुकीच्या आवाजाने कानाला होणारी इजा भरून येत नाही. रबरी इअरप्लग स्वस्त मिळतात, ते वापरा. चष्मा किंवा गॉगलने डोळ्यांचेही रक्षण होते, विशेषतः टोपी फुटणाऱ्या जुन्या बंदुकीत.

ठासणीची बंदूक : बार उडाला नाही तर

ठासणीची बंदूक साधी दिसते, पण चुकीला तिच्यात जागा कमी आहे. श्रावणातल्या दमट हवेत दारू ओली होते, टोपी नुसती फुटते आणि बार उडत नाही. अशा वेळी नवखा माणूस बंदूक खाली करून नळीत डोकावतो. तसे कधीही करू नका. आत धुमसणारी दारू काही सेकंदांनी पेट घेऊ शकते.

• बार उडाला नाही, तर तोंड सुरक्षित दिशेला, मातीकडे धरून किमान दोन मिनिटे थांबा. मगच नवी टोपी लावून पुन्हा प्रयत्न करा. तरीही उडाला नाही, तर गज घालून भरणा उकरू नका. टोपी काढा, माणसे दूर ठेवा आणि परवानाधारक बंदूक दुरुस्तीवाल्याला विचारा.
• एकावर एक दोनदा भरणा झाल्यास नळी फुटू शकते. हे टाळण्यासाठी रिकाम्या नळीत गज पूर्ण आत घालून तोंडापाशी त्यावर खूण करा. दुसरी खूण योग्य भरणा असताना करा. भरण्यापूर्वी गज घातला की बंदूक रिकामी आहे का, ते लगेच कळते.
• एका बारानंतर नळीत ठिणगी राहू शकते. दारूच्या डब्यातून थेट नळीत दारू ओतू नका. वेगळ्या मापात घेऊन ओता आणि दोन बारांमध्ये वेळ जाऊ द्या.
• दारूचे प्रमाण बंदुकीसोबत सांगितलेलेच ठेवा. ‘आवाज मोठा व्हावा’ म्हणून मूठभर जास्त दारू घालणे म्हणजे नळी फोडण्याची तयारी होय.
• काळ्या दारूची राख हवेतील ओल धरते आणि पोलाद खाते. वापरल्यावर त्याच दिवशी गरम पाणी व साबणाने नळी धुऊन, कोरडी करून तेलाचा हात द्या. आठवडाभर तशीच ठेवलेली नळी आतून खड्डे पडून कमजोर होते.

काडतुसाच्या बंदुकीतही बार नेहमीपेक्षा फुसका वाटला, तर लगेच थांबा. बूच नळीतच अडकलेले असू शकते. बंदूक रिकामी करून नळीतून आरपार उजेड दिसतो का ते पाहा. तो पाहिल्याशिवाय दुसरे काडतूस घालू नका.

घरात कुठे ठेवायची

जुन्या घरांत बंदूक खुंटीला किंवा देवळीच्या वर टांगलेली असे. ती जागा आता सोडून द्या. रिकामी बंदूक कुलपाच्या लोखंडी पेटीत किंवा कपाटात ठेवा आणि ती पेटी भिंतीला पक्की करा. दारू, टोप्या, काडतुसे वेगळ्या पेटीत, वेगळ्या कुलपात ठेवा. दोन्ही किल्ल्या एकाच जागी ठेवू नका. चूल, देवघरातील समई, इन्व्हर्टरची बॅटरी यांपासून दारू दूर ठेवा. खताच्या गोण्यांच्या खोलीत बंदूक ठेवू नका. खतातील क्षारांनी ती लवकर गंजते. शेतातल्या झोपडीत किंवा पंपाच्या खोलीत बंदूक रात्रभर सोडून येणे हा तर चोरीला दिलेला निरोपच.

घरातल्या मुलांपासून बंदूक लपवून ठेवली म्हणजे काम झाले, असे समजू नका. मुलांना घरातल्या सगळ्या जागा माहीत असतात. कुलूप हाच उपाय.

एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. नापिकी, कर्ज, आजारपण, घरातला तंटा यांमुळे कुणी खचले असेल, रात्र-रात्र झोपत नसेल, निरवानिरवीचे बोलत असेल किंवा दारू वाढली असेल, तर त्या काळात बंदूक घरात ठेवू नका. पोलिस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्र विक्रेत्याकडे ती ठेवण्याची सोय विचारा आणि पावती घ्या. तो माणूस तुम्ही स्वतः असाल, तरी हेच करा. बोलण्यासाठी शासनाची टेली-मानस सेवा १४४१६ या मोफत क्रमांकावर दिवसरात्र उपलब्ध आहे. यात कमीपणा काही नाही. वाईट दिवस सरतात. त्या दिवसांत बंदूक हाताशी नसणे महत्त्वाचे.

दुसऱ्याच्या हातात द्यायची नाही

परवाना माणसाच्या नावावर असतो, शेताच्या नव्हे. सालगड्याला, बटईदाराला, पुतण्याला ‘आजच्या रात्री तू जा’ म्हणून बंदूक देऊ नका. विनापरवाना बंदूक बाळगल्याबद्दल तो कैदेच्या शिक्षेस पात्र ठरू शकतो आणि तुमचा परवानाही जातो. परवान्यात दुसऱ्या व्यक्तीची अधिकृत नोंद असेल तरच ती वापरू शकते.

लग्नात, मिरवणुकीत, निवडणुकीच्या विजयात हवेत बार काढणे हा २०१९ पासून स्वतंत्र गुन्हा आहे. त्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. पीक संरक्षणाची बंदूक वरातीत नेणाऱ्याने परवाना गमावला, तर त्यात नवल नाही.

कागदपत्रांच्या बाबतीत या चार गोष्टी वेळेवर करा :

• नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या किमान दोन महिने आधी द्या. तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. मुदत संपलेल्या परवान्यावर बंदूक घरात ठेवणे बेकायदेशीर आहे.
• निवडणुकीच्या काळात बंदूक जमा करण्याचा आदेश आला तर वेळेत जमा करा आणि पावती जपून ठेवा. असा आदेश ऐन हंगामातही येऊ शकतो. म्हणून राखणीचा सगळा भार बंदुकीवर टाकू नका.
• बंदूक हरवली किंवा चोरीला गेली, तर त्याच दिवशी पोलिस ठाण्यात कळवा.
• वडील वारले आणि परवाना त्यांच्या नावावर असेल, तर बंदूक आपोआप वारसाची होत नाही. ती पोलिस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून, मग स्वतःच्या नावाने अर्ज करा. ‘नंतर बघू’ म्हणत पेटीत पडून राहिलेली बंदूक पुढच्या पिढीला अडचणीत आणते.

जनावराला आवाजाची सवय होते

पहिल्या रात्री बार काढला की कळप डोंगराकडे पळतो. आठवडाभर रोज त्याच जागेवरून, त्याच वेळी बार काढला, तर डुकरे बाजूला सरकून वाट पाहतात आणि आवाज थांबला की परत येतात. रानडुकराची नजर कमजोर, पण नाक तीक्ष्ण असते. वारा तुमच्याकडून त्याच्याकडे वाहत असेल, तर तुम्ही मचाणावर आहात हे त्याला आधीच कळलेले असते. त्यामुळे जागा, वेळ आणि आवाजाचा प्रकार बदलत राहावे लागते. थाळी, फटाके, गोफण, भोंगा, दिवे यांची अदलाबदल करणाऱ्या शेतकऱ्याला बंदुकीची गरज क्वचितच पडते.

परवानगी असताना जनावर जखमी होऊन पिकात शिरले, तर अंधारात त्याच्या मागे जाऊ नका. जखमी रानडुक्कर सरळ अंगावर येते आणि सुळ्याने मांडी फाडते. वन विभागाच्या १९२६ या मदत क्रमांकावर किंवा वनरक्षकाला कळवा. बिबट्या दिसल्यासही हाच क्रमांक वापरा. बिबट्यासाठी बंदूक बाहेर काढण्याचा विचारही नको.

बंदुकीच्या जागी हे पर्याय नकोत

परवाना मिळत नाही म्हणून काहीजण याहून धोकादायक वाट धरतात.

कार्बाइडची पाइप बंदूक : पीव्हीसी पाइप, कॅल्शियम कार्बाइड, पाणी आणि लायटर यांवर चालणारे हे साधन माकडे व पाखरे हाकण्यासाठी वापरले जाते. कार्बाइडवर पाणी पडले की ॲसिटिलिन वायू तयार होतो आणि ठिणगीने त्याचा स्फोट होतो. आवाज आला नाही म्हणून माणूस पाइपात डोकावतो आणि नेमका तेव्हाच स्फोट होतो. २०२५ च्या दिवाळीत मध्य प्रदेशात, विशेषतः भोपाळमध्ये, अशा बंदुकांनी अनेक मुलांच्या डोळ्यांना गंभीर इजा झाली. ही वस्तू घरात आणू नका.

कुंपणाच्या तारेत थेट वीज : लाइनवरून आकडा टाकून तारेत सोडलेला प्रवाह डुकराआधी शेजाऱ्याला, गुराख्याला किंवा घरच्याच माणसाला गाठतो. राज्यात दरवर्षी अशा तारांनी माणसे मेल्याच्या बातम्या येतात. सौर कुंपण वेगळे असते. त्यात एनर्जायझरमधून क्षणभराचा झटका ठरावीक अंतराने मिळतो. जनावर मागे फिरते, मरत नाही. प्रमाणित एनर्जायझर, चांगले अर्थिंग आणि तारेला टेकणारे गवत वेळोवेळी कापणे, या तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात.

गावठी बॉम्ब : पिठाच्या गोळ्यात स्फोटके भरून ठेवणे हा गंभीर गुन्हा आहे. त्यात गायी-म्हशींचे जबडे फुटतात.

आधी काय करावे

मक्याला खरी राखण लागते ती तुरा येण्यापासून दाणे टणक होईपर्यंत, म्हणजे साधारण महिना-सव्वा महिना. एवढ्या काळासाठी पाच-सात शेतकऱ्यांनी मिळून पाळ्या लावल्या, तर एकट्यावर जागरण पडत नाही. शेजारी-शेजारी एकाच आठवड्यात पेरणी केली, तर राखणीचा काळही एकत्र येतो. डोंगराच्या कडेला मका, भुईमूग, रताळी ही डुकरांच्या आवडीची पिके टाळून ती गावाकडच्या बाजूला घेता आली तर घ्या. सामूहिक सौर कुंपण एकट्याच्या कुंपणापेक्षा स्वस्त पडते. जंगलालगतच्या गावांना डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून यासाठी मदत मिळत आली आहे. सध्या निधी व अटी काय आहेत, ते वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारा.

नुकसान झालेच, तर त्याच सकाळी मोबाइलवर फोटो काढा. पिकासोबत पावलांचे ठसे आणि बांधाची खूण त्यात येऊ द्या. तीन दिवसांच्या आत वन विभागाकडे अर्ज द्या, सातबारा जोडा आणि पोच घ्या. पंचनामा होईपर्यंत पीक तसेच ठेवा. अनेकांची भरपाई नुकसान कमी म्हणून नव्हे, तर अर्ज उशिरा दिला म्हणून राहते.

कृषी सहायक आणि विस्तार कार्यकर्त्यांसाठी

शेतकरी बंदुकीच्या परवान्याबद्दल विचारायला येतो, तेव्हा तो बहुधा नुकत्याच झालेल्या नुकसानीने चिडलेला असतो. त्याला कायदा ऐकवण्याआधी तीन प्रश्न विचारा : कोणता प्राणी, कोणत्या पिकात, वर्षातल्या कोणत्या आठवड्यांत? उत्तरे लिहून घेतली की बऱ्याचदा सामूहिक कुंपण किंवा पाळीची जागल हा उपाय त्याचा त्यालाच दिसतो. भरपाईचा अर्ज त्याच भेटीत भरून द्या. गावात परवानाधारक असतील, तर खरिपाच्या बैठकीत रात्रीचे सिंचन आणि जागल यांचे वेळापत्रक समोरासमोर ठरवून घ्या. या एका गोष्टीने जीव वाचू शकतो.

जागलीला निघण्यापूर्वीची यादी

• परवाना मुदतीत आहे आणि सोबत आहे.
• प्राणी मारण्याची लेखी परवानगी नसेल, तर काम फक्त हाकण्याचे.
• शेजारच्या सर्व शेतकऱ्यांना फोन झाला आहे. आज रात्री वीज कुणाकडे आहे ते माहीत आहे.
• बंदूक रिकामी आहे हे गजाने किंवा नळीतून पाहून तपासले आहे.
• बॅटरी चार्ज आहे, मोबाइल चार्ज आहे, १९२६ क्रमांक साठवलेला आहे.
• इअरप्लग घेतले आहेत. दारू प्यायलेली नाही. झोप झालेली आहे.
• परत आल्यावर बंदूक पुसून, रिकामी करून कुलपात जाणार आहे.

यातली एकही बाब राहिली असेल, तर त्या रात्री बंदूक कुलपात राहू द्या आणि थाळी वाजवा. दोन तास मका गेला तर पुढच्या हंगामात पुन्हा पेरता येतो.